वाट दाखवणारे

प्रवासात अनोळखी रस्ता लागला, की आपण माहीतगार माणसाला वाट विचारतो. आयुष्याच्या प्रवासातही असा माहीतगार लागतो. मराठीत त्याला गुरू म्हणतात; उर्दूत उस्ताद, मुर्शिद किंवा पीर म्हणतात. महाराष्ट्रातील काही संतांना त्यांचे गुरू कसे भेटले आणि त्या भेटीनंतर त्यांनी काय केले, हे या पाठात सांगितले आहे.

नाशिकहून उत्तरेकडे जाणारा रस्ता दिंडोरीवरून वणी या गावी जातो. वाटेत दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे दिसतात. वणी हे दिंडोरी तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. गावातून उत्तरेकडे पाहिले, की उंच डोंगर दिसतो. या डोंगराचे नाव सप्तशृंग. 'सप्त' म्हणजे सात आणि 'शृंग' म्हणजे शिखर. डोंगराच्या कड्यात सप्तशृंगी देवीचे मंदिर आहे. डोंगर आहे कळवण तालुक्यात आणि त्याच्या पायथ्याशी नांदुरी हे गाव आहे. पण लोक मात्र प्रेमाने 'वणीची देवी' असेच म्हणतात. चैत्र महिन्यात आणि नवरात्रात येथे मोठी यात्रा भरते. खानदेशातून कितीतरी लोक पायी चालत येतात.

या डोंगराचे नाव मराठीतील एका थोर ग्रंथातही आले आहे. तो ग्रंथ म्हणजे ज्ञानेश्वरी. संत ज्ञानेश्वरांनी तो १२९० साली नेवासे येथे सांगितला. तेव्हा त्यांचे वय अवघे पंधरा वर्षांचे होते, असे मानतात. एवढ्या लहान वयात एवढे ज्ञान कोठून आले, असे कोणालाही वाटेल. या प्रश्नाचे उत्तर ज्ञानेश्वरांनी ग्रंथाच्या शेवटी स्वतःच दिले आहे. हे ज्ञान माझे नाही, ते मला माझ्या गुरूंकडून मिळाले, असे ते सांगतात. मग ते आपल्या गुरूंची, गुरूंच्या गुरूंची आणि त्यांच्याही गुरूंची नावे सांगतात.

त्या नावांत पहिले नाव आदिनाथ शंकराचे आहे. त्यानंतर येतात मत्स्येंद्रनाथ. ज्ञानेश्वर सांगतात, की मत्स्येंद्रनाथांना सप्तशृंगावर चौरंगीनाथ भेटले. चौरंगीनाथांचे हातपाय मोडलेले होते. पण मत्स्येंद्रनाथांची भेट होताच त्यांचे शरीर पूर्ण झाले. ही कथा श्रद्धेची आहे. पण तिच्यातला अर्थ सर्वांनाच समजण्यासारखा आहे. मोडलेल्या माणसाला जो पुन्हा उभा करतो, तो गुरू.

मत्स्येंद्रनाथांचे शिष्य गोरक्षनाथ, गोरक्षनाथांचे शिष्य गहिनीनाथ, गहिनीनाथांचे शिष्य निवृत्तिनाथ आणि निवृत्तिनाथांचे शिष्य ज्ञानेश्वर. एका दिव्याने दुसरा दिवा लावावा, तशी ही मालिका आहे. मराठीत तिला गुरुपरंपरा म्हणतात. तुमच्या ओळखीचा शब्द वापरायचा तर हा एक सिलसिला आहे. वेरूळजवळच्या खुलदाबादला हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे. ते दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन औलिया यांचे मुरीद होते. तेथेही पीर आणि मुरीद यांचा सिलसिला श्रद्धेने सांगितला जातो. नावे वेगळी, वाटा वेगळ्या. पण ज्याच्याकडून शिकलो त्याचे नाव विसरायचे नाही, ही रीत दोन्हीकडे सारखीच आहे.

आता निवृत्तिनाथांची गोष्ट पाहू. ते ज्ञानेश्वरांचे थोरले भाऊ. सोपान आणि मुक्ताबाई ही त्यांची धाकटी भावंडे. त्यांचे वडील विठ्ठलपंत यांनी काशीला जाऊन संन्यास घेतला होता. पुढे गुरूंच्या आज्ञेने ते घरी परत आले आणि पुन्हा संसार करू लागले. त्या काळच्या समाजाला हे मान्य नव्हते. संन्यासी पुन्हा संसारात आला म्हणून लोकांनी या कुटुंबाला वाळीत टाकले. मुलांनाही लोक 'संन्याशाची पोरे' म्हणून हिणवू लागले. मुलांचा यात काय दोष होता? पण त्यांना ना मान मिळत होता, ना शिक्षणाचा अधिकार.

अशा दुःखाच्या काळात हे कुटुंब नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरला आले. तेथे ब्रह्मगिरी नावाचा डोंगर आहे. गोदावरी नदीचा उगम याच डोंगरावर होतो. एके दिवशी सर्व जण ब्रह्मगिरीला प्रदक्षिणा घालत होते. भोवती दाट जंगल होते. अचानक समोर वाघ आला. सगळे घाबरून पळत सुटले. भीती ओसरल्यावर पाहतात तो निवृत्ती कोठेच नाही!

निवृत्ती वाट चुकला होता. जीव वाचवण्यासाठी तो एका गुहेत शिरला. त्या गुहेत गहिनीनाथ बसले होते. वाघाला भिऊन आलेल्या त्या मुलाला त्यांनी जवळ घेतले आणि आपल्याजवळचे ज्ञान दिले. काही दिवसांनी निवृत्ती घरच्यांकडे परत आला. घाबरून पळालेला मुलगा परतला तेव्हा शांत आणि निर्भय झाला होता.

ही कथा परंपरेने चालत आली आहे. परंतु गहिनीनाथांनी निवृत्तीला काय सांगितले, ते ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीत लिहून ठेवले आहे. लोक दुःखात आहेत. परंपरेने आलेले हे ज्ञान घे आणि त्यांच्या मदतीला लवकर धावून जा, अशी गहिनीनाथांची आज्ञा होती. गुरूने शिष्याला गुहेत ठेवून घेतले नाही. ज्या लोकांनी त्याला वाळीत टाकले होते, त्यांच्याकडेच त्याला परत पाठवले.

निवृत्तिनाथांनी ही आज्ञा पाळली. त्यांनी आपले ज्ञान धाकट्या भावाला दिले. त्या भावाने ते संस्कृतात न सांगता लोकांच्या मराठी भाषेत सांगितले. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ज्ञानेश्वरांनी देवाकडे जे मागणे मागितले, त्याला पसायदान म्हणतात. त्यात ते वाईट माणसांचा नाश मागत नाहीत. त्यांचा वाईटपणा जावा, एवढेच मागतात. ज्या मुलाला समाजाने छळले, त्याच्या मनात समाजाविषयी राग उरला नव्हता. १२९६ साली ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली. त्यानंतर निवृत्तिनाथांनी त्र्यंबकेश्वरला समाधी घेतली. पौष महिन्यात तेथे त्यांची यात्रा भरते आणि ठिकठिकाणच्या दिंड्या येतात.

सिलसिला पुढे चालू राहिला. सुमारे साडेतीनशे वर्षांनंतर तो देहू गावच्या संत तुकारामांपर्यंत आला. तुकाराम महाराजांनी आपल्या गुरुभेटीचा अनुभव एका अभंगात सांगितला आहे. हा अनुभव स्वप्नातला आहे. स्नानाला जाताना वाटेत त्यांना बाबाजी चैतन्य नावाचे सत्पुरुष भेटले. त्यांनी तुकारामांच्या मस्तकावर हात ठेवला आणि 'राम कृष्ण हरी' हा मंत्र दिला. जेवणासाठी त्यांनी पावशेर तूप मागितले. पण स्वप्नात तुकाराम ते द्यायचे विसरून गेले! ही चूक त्यांनी लपवली नाही. गुरूंना साधे तूपही देता आले नाही, याची त्यांना रुखरुख लागून राहिली. गुरूंनी मात्र त्यासाठी मंत्र परत घेतला नाही.

याच तुकारामांचा शोध घेत एक मुलगी देहूला आली. तिचे नाव बहिणाबाई. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्या विसाव्या शतकातल्या. या संत बहिणाबाई त्यांच्या फार पूर्वीच्या, सतराव्या शतकातल्या. त्यांचा जन्म १६२८ साली वेरूळजवळच्या देवगाव येथे झाला. आपली जीवनकहाणी त्यांनी स्वतः अभंगांत सांगितली आहे. त्या काळी एका स्त्रीने स्वतःविषयी इतके मोकळेपणाने सांगणे ही फार मोठी गोष्ट होती.

बहिणेचे लग्न तिसऱ्या वर्षीच झाले. पती रत्नाकर पाठक वयाने तीस वर्षांचे होते. काही वर्षांनी घरावर संकट आले. गाव सोडावे लागले. आईवडील, पती आणि बहिणा असे सर्व जण गावोगाव फिरत, भिक्षा मागत अखेर कोल्हापूरला पोहोचले. तेथे त्यांना राहायला जागा मिळाली. काही दिवसांनी पतीला एक गाय दानात मिळाली. गाईला वासरू झाले.

त्या वासराला बहिणेचा फार लळा लागला. ती पाण्याला गेली तरी ते मागे, कथा-कीर्तनाला गेली तरी ते मागे! तिच्या हातून चारा मिळाला, तरच ते खाई. एकदा कोल्हापुरात जयरामस्वामींचे कीर्तन होते. गर्दी फार होती. लोकांनी वासराला बाहेर काढले. बाहेर ते हंबरू लागले आणि आत बहिणा रडू लागली. स्वामींना हे समजले. त्यांनी वासराला आत आणवले आणि मुलीच्या व वासराच्या डोक्यावरून हात फिरवला.

ही गोष्ट गावभर झाली. बायकामाणसे बहिणेला पाहायला येऊ लागली. पती संतापले. त्यांनी तिला खूप मारले आणि बांधून ठेवले. त्या वेळी ती अकरा-बारा वर्षांची होती. तिला मारले तेव्हा गाय आणि वासरू यांनी चारापाणी सोडले. काही दिवसांनी वासरू मरण पावले. बहिणा बेशुद्ध होऊन पडली. त्या अवस्थेत तिला तुकाराम महाराज दिसले. त्यांनी तिचे सांत्वन केले आणि तिला मंत्र दिला. तिने त्यांना पूर्वी कधीही पाहिले नव्हते. कीर्तनात त्यांचे अभंग मात्र ऐकले होते. त्या अभंगांतूनच तिला आपले गुरू सापडले.

पतीचा राग आणखी वाढला. ते वेदविद्या जाणणारे ब्राह्मण होते आणि तुकाराम जातीने शूद्र मानले जात. अशा माणसाला माझ्या पत्नीने गुरू मानावे, हे त्यांना सहन होईना. पत्नीला टाकून निघून जायचे त्यांनी ठरवले. बहिणाबाईंपुढे मोठा पेच उभा राहिला. गुरू सोडावा की घर सोडावे? त्यांनी दोन्ही सोडले नाही. पतीची सेवा करायची आणि मनातली भक्तीही ठेवायची, असा निश्चय त्यांनी केला. याच सुमारास पती आजारी पडले. बहिणाबाईंनी रात्रंदिवस त्यांची शुश्रूषा केली. आजारात पतीला पश्चात्ताप झाला. बरे झाल्यावर त्यांनीच देहूला जाण्याचे ठरवले. ज्या पतीने पत्नीला मारले होते, तोच आता तिला गुरूच्या भेटीला घेऊन निघाला.

देहूला बहिणाबाईंनी तुकारामांना प्रत्यक्ष पाहिले. स्वप्नात दिसले तेच हे, अशी त्यांची खात्री पटली. तेथेही त्यांचे दिवस सुखाचे नव्हते. मंबाजी नावाच्या गोसाव्याने, माझे शिष्य व्हा, असा त्यांच्यामागे लकडा लावला. त्यांनी नकार दिल्यावर त्याने त्यांना त्रास दिला. म्हणजे एकाच गावात दोन प्रकारची माणसे होती. एक शिष्य मिळावेत म्हणून दुसऱ्याला छळणारा. आणि दुसरा कोणालाही न बोलावता केवळ कीर्तन करणारा. बहिणाबाईंनी कोणाला गुरू मानले, ते आपण पाहिलेच.

पुढे बहिणाबाई शिऊर येथे राहिल्या. त्यांनी संसार केला, मुले वाढवली आणि अभंग रचले. खरा ब्राह्मण कोण, या प्रश्नावरही त्यांनी अभंग लिहिले आहेत. माणूस जन्माने मोठा होत नाही, ज्ञानाने मोठा होतो, असे त्यांचे मत होते. १७०० साली त्यांचे निधन झाले. आपल्या एका अभंगात त्यांनी गुरुपरंपरा दिली आहे. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ, ज्ञानेश्वर अशी नावे घेत त्या तुकारामांपर्यंत येतात आणि शेवटी स्वतःचे नाव जोडतात. जिला मारून बांधून ठेवले होते, त्या मुलीचे नाव त्या थोर मालिकेत आले.

बहिणाबाईंच्या काळातच अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील श्रीगोंदे येथे शेख महंमद नावाचे संत होऊन गेले. ते मुसलमान होते आणि त्यांनी 'योगसंग्राम' नावाचा मोठा ग्रंथ मराठीत लिहिला. त्यांचे गुरू चांद बोधले. दौलताबादचे किल्लेदार जनार्दनस्वामी हेही चांद बोधले यांचेच शिष्य होते, असे परंपरा सांगते. जनार्दनस्वामींचे शिष्य म्हणजे पैठणचे संत एकनाथ. एकाच गुरूपासून दोन वाटा निघाल्या. एका वाटेवर शेख महंमद, तर दुसऱ्या वाटेवर एकनाथ. दोघांनीही मराठी भाषा समृद्ध केली. श्रीगोंद्याला शेख महंमदांच्या समाधीपुढे आजही हिंदू आणि मुसलमान दोघेही नतमस्तक होतात.

या सर्व अनुभवांत एक गोष्ट सारखी आहे. गुरूंनी यांपैकी कोणालाही घरापासून तोडले नाही. निवृत्ती गुहेतून भावंडांकडे परत आला. तुकाराम आपल्या गावातच राहिले. बहिणाबाईंनी घर सोडले नाही. गुरूने वाट दाखवली आणि ती वाट पुन्हा आपल्या माणसांकडेच आली. फरक एवढाच, की जाताना जो माणूस भ्यालेला, दुखावलेला होता, तो येताना दुसऱ्यांचे दुःख पाहणारा झाला. खऱ्या गुरूची हीच खूण आहे. जो स्वतःसाठी मागतो, भीती दाखवतो किंवा माणसामाणसांत वैर लावतो, तो वाट दाखवणारा नव्हे.

वणीच्या रस्त्याने कधी गेलात, तर त्या सात शिखरांकडे जरूर पाहा. मोडलेला माणूस गुरूच्या भेटीने येथे पूर्ण झाला, असे सातशे वर्षांपूर्वी एका पंधरा वर्षांच्या मुलाने लिहून ठेवले आहे. आणि तुम्हांला पहिले अक्षर कोणी शिकवले, ते आठवा. तुमचाही सिलसिला तेथूनच सुरू झाला आहे.

शब्दार्थ

माहीतगार – माहिती असलेला, वाकिफ
परंपरा – पूर्वीपासून चालत आलेली रीत, सिलसिला
शिष्य – शागिर्द, मुरीद
वाळीत टाकणे – समाजातून बाहेर काढणे
हिणवणे – कमी लेखून बोलणे
प्रदक्षिणा – भोवती फिरणे
निर्भय – न भिणारा, बेखौफ
रुखरुख – मनाला लागून राहिलेली खंत
लळा – माया, जिव्हाळा
पेच – अडचण
शुश्रूषा – आजारी माणसाची सेवा, तीमारदारी
लकडा लावणे – सतत मागे लागणे
खूण – निशाणी

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सप्तशृंग या नावाचा अर्थ काय?
(आ) ज्ञानेश्वरी कोणत्या साली सांगितली गेली?
(इ) निवृत्तिनाथांना गहिनीनाथ कोठे भेटले?
(ई) बाबाजी चैतन्य यांनी तुकारामांकडे काय मागितले?
(उ) शेख महंमद यांचे गुरू कोण?

प्रश्न २. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ज्ञानेश्वरांच्या कुटुंबाला लोकांनी वाळीत का टाकले?
(आ) बहिणेला वासराचा लळा कसा होता?
(इ) बहिणाबाईंपुढे कोणता पेच उभा राहिला? त्यांनी तो कसा सोडवला?
(ई) खरा गुरू कसा ओळखावा, असे लेखकाला वाटते?

प्रश्न ३. कारणे लिहा.
(अ) निवृत्ती गुहेत शिरला.
(आ) बहिणाबाईंच्या पतीने तुकारामांना विरोध केला.

प्रश्न ४. योग्य जोड्या जुळवा.
(१) ज्ञानेश्वर – (अ) शिऊर
(२) तुकाराम – (आ) श्रीगोंदे
(३) बहिणाबाई – (इ) आळंदी
(४) शेख महंमद – (ई) देहू

प्रश्न ५. वाक्यांत उपयोग करा.
लळा लागणे, वाट चुकणे, खात्री पटणे, आज्ञा पाळणे

प्रश्न ६. पुढील वाक्ये भविष्यकाळात लिहा.
(अ) निवृत्ती घरी परत आला.
(आ) तिने अभंग ऐकले.

उपक्रम : तुमच्या घरातील वडीलधाऱ्या माणसांना त्यांच्या उस्तादांविषयी विचारा. त्यांनी सांगितलेली एक आठवण दहा ओळींत मराठीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.